पाण्याखालचे घर : श्वासाचा हिशेब कोणी ठेवायचा?

काही दिवसांपूर्वी नववीतल्या एका मुलाने मला आपले घर दाखवले. घर संगणकाच्या पडद्यावर होते आणि एका तळ्याच्या तळाशी बांधलेले होते. भिंती काँक्रीटच्या, आत एक पेटी, एक खाट, कोपऱ्यात शेगडी, आणि माथ्यावर दहा मीटर पाणी. “इथे मला कोणी हात लावू शकत नाही,” तो म्हणाला. मी त्याला विचारले, “आत हवा कुठून येते?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ते गेममध्ये लागत नाही.”

त्याचे उत्तर बरोबर होते. त्या खेळात ते खरोखरच लागत नाही. ते लागायला हवे होते असे मला वाटते. का वाटते, ते या लेखात सांगणार आहे.

प्रथम खेळाविषयी. त्याचे नाव ‘सेव्हन डेज टू डाय’. त्याची पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि पूर्ण झालेली आवृत्ती २०२४ मध्ये. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातला एक काल्पनिक भाग उद्ध्वस्त झाला आहे, माणसे मरून पुन्हा उठली आहेत, आणि खेळणाऱ्याने जगून दाखवायचे आहे. अशा उठलेल्या प्रेतांना झॉम्बी म्हणतात. (आपल्या मराठीतल्या झोंबाझोंबीशी या शब्दाचे काही नाते नाही. तो कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातून जगभर गेला.) दिवसा लाकूड, दगड, लोखंड गोळा करायचे, घर मजबूत करायचे, कारण दर सातव्या रात्री झॉम्बींची टोळीच्या टोळी तुमच्या घरावर चालून येते. जग एकेक मीटरच्या ठोकळ्यांचे आहे. ठोकळा काढता येतो, बसवता येतो. त्यामुळे जो तो आपल्या कल्पनेप्रमाणे गढी बांधतो. कोणी उंच खांबांवर, कोणी खाणीत आणि कोणी पाण्याखाली. शत्रू आणि आपण यांच्यामध्ये पाणी ठेवायचे ही युक्ती खंदकाइतकी जुनी आहे. या खेळाडूने खंदक वाड्याभोवती न खणता थेट वाड्याच्या माथ्यावर नेला, एवढाच फरक.

शिक्षकांसाठी येथेच सांगतो की हा खेळ मुळात मोठ्यांसाठी केलेला आहे. त्यात मारामारी आणि रक्त पुष्कळ आहे, आणि सहावी-सातवीच्या मुलाने तो खेळावा असे मी म्हणणार नाही. पण मुले तो पाहतात, एकमेकांना दाखवतात, त्यावर वाद घालतात. मग त्यातल्या विज्ञानावरही वाद घालायला काय हरकत आहे?

या खेळाचा एक गुण प्रथम मान्य केला पाहिजे. ठोकळ्यांच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध खेळात, ‘माइनक्राफ्ट’मध्ये, झाडाचे खोड बुंध्याजवळ तोडले तर वरचे झाड हवेत तसेच लटकत राहते. पाहणारा हसतो आणि पुढे जातो. झाडे अशी लटकतात असे कोणालाही खरे वाटत नाही. ‘सेव्हन डेज टू डाय’मध्ये असे चालत नाही. प्रत्येक ठोकळ्याला वजन आहे आणि किती भार पेलायचा याची मर्यादा आहे. छताचा गाळा फार लांब केला आणि मध्ये खांब दिला नाही, तर छत खाली येते. लाकडापेक्षा काँक्रीट जास्त भार पेलते. खेळणारी मुले हे चुकत-माकत शिकतात आणि मग खांब कोठे द्यायचा ते त्यांना डोळ्यांनीच कळू लागते. बांधकामशास्त्राचा हा पहिला धडा आहे आणि तो वाईट शिकवलेला नाही.

अडचण नेमकी येथूनच सुरू होते. ज्या खेळात काहीच खरे नाही त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्या खेळात छत खऱ्यासारखे कोसळते, त्यातले पाणीही खऱ्यासारखे असेल असे मन आपोआप धरून चालते. एक गणित बरोबर सुटले की पुढचे न तपासता पुढे जायची सवय आपल्याला वहीतही असते. म्हणून पूर्ण खोट्यापेक्षा अर्धे खरे जास्त तपासून घेतले पाहिजे. चला, त्या मुलाचे घर तपासू.

घराची आतली खोली तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच धरू. म्हणजे आत २७ घनमीटर हवा. भिंती, छत आणि जमीन एकेक ठोकळा जाडीची. म्हणून बाहेरून मोजले तर घर पाच मीटरचा घन झाले. त्याचे घनफळ १२५ घनमीटर. छताचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली १० मीटरवर आहे.

एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन एक टन. तेव्हा छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर १० टन पाणी उभे आहे. एका ठोकळ्यावर दोन मोठे हत्ती उभे केले तर साधारण एवढे वजन होईल. छत २५ चौरस मीटरचे. एकूण २५० टन. खेळ ज्या छताच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवतो, त्याच छतावरच्या या २५० टनांची त्याच्या वहीत नोंदच नाही.

आता खालून पाहा. तळाचा पृष्ठभाग १५ मीटर खोलीवर आहे. खालच्या गाळात पाणी मुरलेले असते आणि द्रवाचा दाब सर्व दिशांना असतो, त्यामुळे तळाला पाणी वरच्या दिशेने ढकलते : प्रत्येक चौरस मीटरला १५ टन, २५ चौरस मीटरना ३७५ टन. वरून २५० टन खाली, खालून ३७५ टन वर. फरक १२५ टन, वरच्या दिशेने. १२५ घनमीटर पाणी बाजूला सारले, १२५ टनांचे प्लावक बल मिळाले. आर्किमिडीजचा नियम तुम्ही पाठ केला असेल, तर तो येथे दाबाच्या वजाबाकीतून आपोआप निघाला हे लक्षात घ्या. मला हा हिशेब नेहमीच फार देखणा वाटतो.

भिंतींचे घनफळ १२५ वजा २७, म्हणजे ९८ घनमीटर. काँक्रीटचा घनमीटर सुमारे २.४ टनांचा, तेव्हा घराचे वजन २३५ टन. १२५ टनांनी ते उचलले जाणार नाही, बसून राहील. पण तेच घर लाकडाचे बांधले तर? लाकडाचा घनमीटर ०.६ टन धरला तर घराचे वजन भरते फक्त ५९ टन. वर ढकलणारे बल १२५ टन. म्हणजे खाट, पेटी आणि मालक यांच्यासह ते घर बुचासारखे उसळून वर येईल आणि तळ्याच्या पृष्ठभागावर तरंगू लागेल. खेळात मात्र लाकडी घर तळाशी निमूट बसून राहते.

पाण्याखाली लाकडी घर कोणी खरेच बांधले होते काय? जवळजवळ तसेच एक बांधले होते. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना १८७० पासून नदीच्या तळाशी पाइन लाकडाच्या प्रचंड पेट्या उतरवल्या. पेटी उपड्या डब्यासारखी, खाली तळ नाही. वरून दाबलेली हवा सोडायची म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि मजूर कोरड्या तळावर उभे राहून माती खणतात. ती पेटी वर उसळून येऊ नये म्हणून काय केले असेल? पुलाचा दगडी मनोराच तिच्या डोक्यावर बांधत नेला. एकेक थर चढत गेला तशी पेटी खाली रुतत गेली.

उपड्या डब्याची ही युक्ती तुम्ही घरी पाहू शकता. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा आणि पेला उपडा धरून सरळ बादलीत बुडवा. बोळा कोरडा राहतो. पेला दहा मीटर खोल नेला तर मात्र आतली हवा दबून निम्मी होईल, कारण तेथे दाब दुप्पट असतो. म्हणून वरून आणखी हवा भरावी लागते. पाण्याखालची खरी घरे बहुतेक याच तत्त्वावर बांधली गेली. त्यांच्या जमिनीला चक्क भोक असते. भोकातून पाणी दिसते, पण वर येत नाही, कारण आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असतो. मग भिंतींवर ते दहा-दहा टन येत नाहीत आणि मोठ्या काचा बसवता येतात.

फ्रान्सच्या झाक कूस्तोने सप्टेंबर १९६२ मध्ये मार्सेयजवळ समुद्रात दहा मीटरवर असे एक पोलादी नळकांडे उतरवले. आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोघे त्यात आठवडाभर राहिले. पुढच्याच वर्षी लाल समुद्रात, सुदानच्या किनाऱ्याजवळ, त्याने तारामाशाच्या आकाराचे घर उभारले आणि त्याची माणसे तेथे महिनाभर राहिली. १९६५ मध्ये सहा माणसे १०० मीटर खोलीवर तीन आठवडे राहिली. अमेरिकेच्या नौदलाने ‘सीलॅब’ नावाची घरे उतरवली. १९६५ च्या दुसऱ्या सीलॅबमध्ये स्कॉट कार्पेंटर हा अंतराळवीर ३० दिवस राहिला. पन्नास वर्षांत माणसे समुद्रतळाशी गावे वसवतील असे तेव्हा अनेकांना मनापासून वाटत होते.

ती गावे वसली नाहीत. याची कारणे तपासताना त्या मुलाच्या घराकडे परत जावे लागते, कारण दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे : आतली हवा.

त्या २७ घनमीटरच्या बंद खोलीत एक माणूस आहे. झोप आणि हालचाल दोन्ही धरून तो तासाला साधारण १८ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो असे धरू. खोलीत एकूण २७,००० लिटर हवा आहे. त्यातला कार्बन डाय-ऑक्साइड ३ टक्के, म्हणजे ८१० लिटर व्हायला किती वेळ लागेल? ४५ तास. दोन दिवसांच्या आत डोके दुखू लागेल, श्वास जोरात चालेल. ५ टक्क्यांना ७५ तास. तीन दिवस उलटताच तो माणूस बसल्या जागी धापा टाकत असेल. १० टक्क्यांना १५० तास, म्हणजे सव्वासहा दिवस. त्या वेळी तो बेशुद्ध पडलेला असेल.

झॉम्बींची टोळी सातव्या रात्री येते. ती येईल तेव्हा दार फोडायचे कारणच उरलेले नसेल.

शिवाय कोपऱ्यातली शेगडी मी या हिशेबात धरलेली नाही. बंद खोलीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने काय होते, ते हिवाळ्यातल्या बातम्यांत दरवर्षी वाचायला मिळते. तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. म्हणून हा सगळा प्रयोग कागदावरच करायचा, खोलीत नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

पुष्कळांची अशी समजूत असते की बंद जागेत माणूस प्राणवायू संपल्यामुळे गुदमरतो. ४५ तासांनंतरची स्थिती पाहा. कार्बन डाय-ऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून ३ वर गेला आहे, पण प्राणवायू २१ वरून सुमारे साडेसतरापर्यंतच उतरला आहे. एवढ्या प्राणवायूवर माणूस नीट जगू शकतो. त्याला आधी त्रास देते ती त्याने स्वतः बाहेर टाकलेली हवा. वर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केला असेल. आपण तो परीक्षेपुरता करतो. पाण्याखाली राहणाऱ्याचे प्राण त्याच प्रयोगावर अवलंबून असतात. त्याने सोडलेला वायू चुन्याच्या जातीच्या रसायनातून फिरवून शोषून घ्यावा लागतो, आणि तो रोज, न चुकता.

तेथे चुकले तर काय होते? अमेरिकी नौदलाने तिसरी सीलॅब फेब्रुवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे, सॅन क्लेमेंटे बेटाजवळ, सुमारे १८६ मीटर खोलीवर उतरवली. घरातून हेलियम वायू गळू लागला. (इतक्या खोलीवर नत्रवायूने गुंगी येते, म्हणून श्वासासाठी हेलियम आणि थोडा प्राणवायू यांचे मिश्रण वापरतात. हेलियममध्ये माणसाचा आवाज चिरका होतो. कार्पेंटर १९६५ मध्ये अशाच आवाजात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी फोनवर बोलला होता.) गळती थांबवण्यासाठी पाणबुडे खाली गेले. १७ फेब्रुवारीला त्यांच्यातला बेरी कॅनन घराच्या बाहेर पाण्यातच मरण पावला. चौकशीत कारण निघाले ते कार्बन डाय-ऑक्साइडची विषबाधा. तपासणीत पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रांपैकी एकात तो वायू शोषणारे रसायनच भरलेले नव्हते असे आढळले. सीलॅबची योजना तेथेच थांबली.

शेकडो टन पाणी, थंडी, अंधार, शार्क या सगळ्यांची तयारी त्या माणसांनी केली होती. चुकला तो चुन्याचा डबा. मला हे उदाहरण खेळाच्या बाबतीत फार महत्त्वाचे वाटते. खेळातला शत्रू नेहमी बाहेरून येतो. तो दिसतो, आवाज करतो, त्याच्यावर गोळी झाडता येते. पाण्याखालच्या खऱ्या घरातला शत्रू आत राहतो, तो दिसत नाही, आणि घर जितके मजबूत व घट्ट बांधाल तितका तो बळावतो. भिंत जाड करून त्याच्यापासून सुटका नाही. उलट त्या मुलाचे घर जर थोडे गळके असते, तर निदान त्याला वर पळावे लागले असते आणि तो वाचला असता.

पण वर पळता येते काय? खेळात येते. टोळीने दार फोडलेच तर पोहत वर जायचे आणि किनारा गाठायचा. भोकाच्या घरात राहणाऱ्याला मात्र हे जमत नाही. दाबाखालची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नत्रवायू किंवा हेलियम रक्तात आणि शरीरात मुरतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की जसे बुडबुडे येतात, तसेच दाब एकदम कमी झाला की ते शरीरात येतात. ब्रुकलिनच्या पेट्यांतून घाईने वर येणाऱ्या मजुरांना सांधे धरण्यापासून पक्षाघातापर्यंतचे विकार याचमुळे झाले. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच रोगाने कायमचा अधू झाला, आणि त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना घेऊन कामावर जाऊ लागली.

यावर उपाय एकच : हळूहळू वर येणे. साधारण एक दिवस त्या दाबात राहिले की शरीर त्या वायूने पूर्ण भरते. त्यानंतर दिवस राहा की महिना, परत येण्यास लागणारा वेळ तेवढाच. फ्लोरिडाजवळ सुमारे १९ मीटरवर असलेल्या ‘अक्वेरियस’ या संशोधनगृहातून बाहेर पडायला जवळजवळ १७ तास लागतात. आणखी खोल कामांना काही दिवस. एवढ्यासाठी खाली घर तरी कशाला ठेवायचे, असा विचार तेल काढणाऱ्या कंपन्यांनी केला. त्यांनी दाबाची खोली जहाजावरच ठेवली. पाणबुडे कित्येक दिवस त्या खोलीत समुद्रतळाच्या दाबाने राहतात आणि बंद घंटेतून कामापुरते खाली जाऊन येतात. समुद्रतळावरची गावे न वसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रातही असे पाणबुडे काम करतात. २७ जुलै २००५ रोजी तेथे ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज तेलाच्या फलाटावर आदळले आणि प्रचंड आग लागली. त्या दुर्घटनेत २२ माणसे गेली. त्या वेळी जहाजावरच्या दाबाच्या खोल्यांत सहा पाणबुडे होते. बाकीची माणसे पाण्यात उड्या टाकत होती, पण यांना दार उघडून बाहेर पडणे म्हणजेच मरण होते. आग लागलेल्या जहाजावर ते तसेच आत राहिले. सुमारे दीड दिवसाने त्यांची सुटका झाली.

आता तुम्ही म्हणाल, खेळ तो खेळ. त्यात इतके सगळे घातले तर खेळायचे कोणी? हा आक्षेप मी पुष्कळ मुलांकडून ऐकला आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. बुद्धिबळातला उंट तिरका चालतो म्हणून कोणी प्राणिशास्त्राची तक्रार करत नाही. प्रत्येक खेळ काहीतरी गाळतोच.

पण श्वासाचा हिशेब ठेवला तर मजा जाते, हे मला मान्य नाही. ज्यूल व्हर्नने १८७० च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध पाणबुडीची कादंबरी लिहिली. त्याला खऱ्या मोठ्या पाणबुडीची माहिती आजच्या एखाद्या शाळकरी मुलाएवढीही नसेल. तरी त्याची ‘नॉटिलस’ हवा घ्यायला नियमाने पृष्ठभागावर येते, आणि दक्षिण ध्रुवाकडे ती बर्फाखाली अडकते तेव्हा आतली हवा संपत जाते. त्या प्रकरणात कोणी राक्षस नाही, कोणी शत्रू नाही. केवळ हवा कमी होते आहे, आणि वाचणाऱ्याचाही श्वास अडकतो. संपूर्ण पुस्तकातले हे सर्वांत थरारक प्रकरण आहे असे माझे मत आहे.

जुन्या पुस्तकाचा दाखला नको असेल तर २०१८ मध्ये पूर्ण झालेला ‘सबनॉटिका’ हा खेळ पाहा. तो दुसऱ्या ग्रहावरच्या समुद्रात घडतो. त्यात पाण्याखाली बांधलेल्या घराच्या मजबुतीचा आकडा असतो. प्रत्येक खिडकीमागे तो घटतो, भिंतीला जोड दिला की वाढतो, आणि घर जितके खोल तितका जास्त घटतो. शून्याखाली गेला की पाणी आत येऊ लागते. वीज गेली तर प्राणवायू बंद. लाखो लोकांनी तो आवडीने खेळला आहे. अर्थात तेथेही खोल बुडी मारून झपाट्याने वर आलात तर काही होत नाही, आणि बाहेर टाकलेल्या हवेचे काय होते हे कोणी विचारत नाही. म्हणजे अजून जागा आहे. तुमच्यातल्या कोणाला पुढे खेळ लिहायचे असतील तर तेथून सुरुवात करता येईल.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. मुलाने असे घर दाखवले तर “वेळ फुकट घालवू नकोस” असे म्हणून विषय संपवू नये. आणि “वा, आमचा अभियंता” असे म्हणूनही नाही. खोलीची लांबी, रुंदी आणि खोली विचारावी आणि आलेखाचा कागद पुढे ठेवावा. दाब, आर्किमिडीजचा नियम, वायूंचे नियम, श्वसन, चुन्याची निवळी हे पाठ आपण वेगवेगळ्या महिन्यांत, कधी वेगवेगळ्या इयत्तांत शिकवतो. एका पाण्याखालच्या खोलीत ते सगळे एकत्र येतात.

भोक नसलेले, भक्कम भिंतींचे घरही बांधता येते, हे सांगायला हवे. रुडिगर कॉख हा जर्मन अभियंता पनामाच्या किनाऱ्याजवळ ११ मीटर खोलीवरच्या अशा घरात १२० दिवस राहून २४ जानेवारी २०२५ रोजी बाहेर आला. आतला दाब जमिनीवरच्याएवढाच होता, त्यामुळे त्याला वर यायला तास मोजावे लागले नाहीत. पण त्याचे घर बंद पेटी नव्हते. एका उभ्या नळीतल्या गोल जिन्याने ते पाण्यावरच्या दुसऱ्या खोलीला जोडलेले होते. हवा, अन्न आणि पाहुणे वरून येत होते. खेळातल्या त्या मुलाने असा जिना ठेवला असता तर झॉम्बीही त्याच जिन्याने उतरले असते, ही त्याची अडचण मला समजते.

त्याला मी शेवटी एक गणित दिले, ते तुम्हीही करून पाहा. जिना ठेवायचा नसेल तर खोलीत विरलेल्या चुन्याची पोती ठेवावी लागतील. तासाला १८ लिटर म्हणजे दिवसाला ४३२ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड. खोलीच्या तापमानाला वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा घेतो, म्हणून हे १८ मोल झाले. एका मोलाला एक मोल विरलेला चुना लागतो आणि त्याचे वस्तुमान ७४ ग्रॅम. दिवसाला १,३३२ ग्रॅम, सात दिवसांना सव्वानऊ किलोपेक्षा थोडा जास्त. आणि सगळा चुना काही पुरता वापरला जात नाही, म्हणून प्रत्यक्षात बराच अधिक. प्राणवायू किती लागेल ते मी त्याच्यावर सोपवले. दोन दिवसांनी तो वही घेऊन आला. उत्तर बरोबर होते, पण शेगडी त्याने अजून खोलीतच ठेवली होती.